आसनगावहून टांगा येतो तेव्हा

मुलगी बाई कधी होते, सांगाल?

तुमच्या घरी विचारा. आजी म्हणेल, न्हाण आलं की. भटजी म्हणतील, लग्न लागलं की. सरकारच्या कारखान्यांच्या कायद्यात त्या काळी निराळंच लिहिलेलं होतं. बारा वर्षांच्या आतलं मूल कारखान्यात नकोच. पंधराच्या आतलं असेल तर दिवसाला पाच तासांवर काम नको. आणि पंधरा ते सतरामधल्या पोराला डॉक्टरने लायक ठरवल्याशिवाय मोठ्या माणसाच्या कामाला लावायचं नाही. आमच्या शहापूरच्या भाताच्या गिरणीत मात्र उत्तर फार सोपं होतं. आसनगाव स्टेशनावरून इन्स्पेक्टरसाहेबांचा टांगा निघाला की गिरणीतल्या सगळ्या मुली बाया व्हायच्या. टांगा परत गेला की पुन्हा मुली.

यंदा मार्गशीर्ष लागला, झोडपणी संपली, आणि परवा सकाळी ते इंजिन पुन्हा सुरू झालं. टुक टुक टुक टुक. आमच्या घराची मागची भिंत आणि गिरणीचं आवार यांच्यामध्ये नुसतं निवडुंगाचं कुंपण आहे. इंजिन सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी हलकेच थरथरायला लागतात आणि होळीपर्यंत थरथरत राहतात. कोंड्याचा गोडसर ऊन वास येतो, त्यात जळक्या तेलाचा वास मिसळलेला असतो. गिरणीतून उडालेली बारीक भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि ते कपडे घातले की मान खाजते. शहापुरात हिवाळा असा येतो. लोकांना थंडी वाजते. मला तो आवाज ऐकला की उजव्या खांद्यात कळ येते, आणि माझा उजवा खांदा चांगला धडधाकट आहे.

गिरणीच्या छपरावर आता तिरंगा आहे. बाकी सगळं तेच.

मी सांगते आहे तो हिवाळा दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीचा. तांदळाला एकाएकी मागणी आली होती. भाताने भरलेल्या बैलगाड्यांची रांग गिरणीच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागायची. गाडीवान तिथेच चुली मांडायचे. गिरणीत माणसं कमी पडायला लागली, तेव्हा मुकादम डोळखांबकडच्या पाड्यांवर गेला आणि आपापली नाचणी-भात काढून मोकळी झालेली बिऱ्हाडं घेऊन आला. बाप्ये पोती उचलायला, बाया पाखडायला. पोरी कोंड्याला.

कोंड्याचं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंजिन मागच्या खोलीत. तिथून कातडी पट्टा भिंतीच्या भोकातून येऊन भात भरडणाऱ्या यंत्राच्या चाकाला लागलेला. मोठ्या माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर तो धावायचा. यंत्राच्या पोटाखाली कोंडा साचायचा, आणि तो वेळेवर ओढला नाही तर यंत्र गुदमरायचं. पट्ट्याखालून वाकून आत जायचं, दोन्ही हातांनी कोंडा टोपलीत ओढायचा, तसंच मागे सरकत बाहेर यायचं. मोठं माणूस तिथे मावत नाही. इंजिन बंद करून कोंडा काढता आला असता, पण बाहेर गाड्यांची रांग होती. म्हणून पोरी.

पट्ट्याला कठडा नव्हता. कायद्यात होता.

पण पोरींचे स्वतःचे नियम होते, आणि ते सरकारच्या नियमांपेक्षा पक्के होते. बांगडी हातात ठेवायची नाही. केस फडक्यात घट्ट बांधायचे. अंगावरचं वस्त्र गुडघ्याच्या वर, कमरेला करकचून खोचलेलं. लोंबणारं काही म्हणता काही नको. ही शिस्त त्यांना त्यांच्या आयांनी लावली होती, आणि ती मोडली तर थोबाडीत बसायची. त्यांच्यातली बुधी पट्ट्याखालून जायची ती मांजर कुंपणाखालून जातं तशी. जाताना तळहातांवर थुंकायची.

बुधवारी जन्मली म्हणून बुधी. कोणत्या सालच्या बुधवारी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. विचारण्याचं कारणच पडलं नव्हतं.

ती आणि मी निवडुंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलायचो. ती बोरं आणायची, मी शाळेतल्या पुस्तकातली चित्रं दाखवायची. आम्ही दोघी उंचीने सारख्या. पाठीला पाठ लावून मोजलं होतं. माझे वडील शाळेत मास्तर, म्हणून मी परकर-पोलक्यात आणि ती फडक्यात.

"तुझा घागरा केवढा गो कुसू!" ती म्हणायची. "त्यात आमच्या चार पोरी झाकतील."

"मग घे ना एक दिवस."

"नको गो बाय. पट्टा काय मास्तर हाय, नुसता कान पिळून सोडायला?" आणि आपल्याच विनोदावर अशी हसायची की तोंडातली बोराची बी निवडुंगावर उडायची.

तिचं मुरबाडकडच्या एका पाड्यावरचं स्थळ ठरत आलं होतं. त्याबद्दल मी चिडवलं की ती मात्र हसायची नाही. गंभीर होऊन म्हणायची, "लुगडं नेसल्याबिगर काय नाय. आय नेसवल तवा."

मी तेव्हा कोण होते, हेही सांगते, म्हणजे पुढचं सगळं माझ्यावर कसं येतं ते कळेल. माझे भाऊकाका मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. गणपतीत घरी आले की त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त. मुळाक्षरं मी अंकलिपीत गिरवली, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. स्वस्त कागद, बोटांना शाई लागणारी ती पत्रकं मला तोंडपाठ होती. इतर मुली भोंडल्याची गाणी म्हणायच्या तशी मी कामाचे तास आणि यंत्रांचे कठडे म्हणून दाखवायची. त्याच हिवाळ्यात, गिरणी सुरू झाल्यावर काका आले तेव्हा त्यांनी कारखान्यांच्या कायद्याची मराठी पुस्तिका आणली. मी ती दोन दिवसांत वाचली, आणि तिसऱ्या दिवशी ठाण्याला कारखान्यांच्या इन्स्पेक्टरकडे अर्ज केला. अक्षर माझं, मजकूर निम्मा काकांचा. ‘सदर गिरणीत अल्पवयीन मुली उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत राबतात. पट्ट्यास कठडा नाही. सरकारने चौकशी करावी.’

सुंदर अर्ज होता. एकही खाडाखोड नव्हती. त्यात एकाही मुलीचं नाव नव्हतं, एकीचंही वय नव्हतं, आणि मी तो टाकल्याचं बुधीला सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं होतं, साहेब आला की तिला आश्चर्यच वाटेल.

सरकारने दखल घेतली. साहेब येणार हे गिरणीच्या शेठला चार दिवस आधी कळलं, कारण साहेबांना बसता येईल असा टांगा गावात एकच होता आणि तो शेठचा होता. तुम्ही हसाल. मला अजून हसता आलेलं नाही.

त्या सकाळी मी कुंपणाशी उभी होते. मुकादमाने आपल्या घरून लुगड्यांचं गाठोडं आणलं होतं. ती पाड्यावरच्या बायांची आखूड, कासोटा मारलेली लुगडी नव्हती, गावातल्या बायांची होती. घोट्यापर्यंत येणारी, डोक्यावरून पदर घ्यायची. तोंड निम्मं झाकलं गेलं की वय दिसत नाही. मुकादम एकेकीला लुगडं फेकत होता. "नेसा गो पटापट! पदर डोक्यावर! साहेबानं विचारलं त बोलायचं नाय, बाया बोलत नायत परपुरुषाशी."

पोरी खिदळत होत्या. एकीच्या निऱ्या सुटल्या, एक पदरात पाय अडकून पडली. बुधीला नेसवायला मात्र तिची आय पुढे आली, आणि तिने एकदम सगळ्यांना गप्प केलं.

"असं नाय नेसवायचं," ती म्हणाली. "पोरीचं पैलं लुगडं हाय."

"अगो, घटकाभराचं सोंग हाय," मुकादम म्हणाला.

"लुगड्याचं सोंग नसतं, दादा."

तिने कुणाकडून तरी कुंकू मागून आणलं. बुधीला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. निऱ्या स्वतःच्या हाताने घातल्या, अगदी सावकाश. पाखडणाऱ्यांतल्या पाच जणी सुपं खाली ठेवून आल्या आणि त्यांनी तिची ओटी भरली. ओटीला दुसरं काय असणार, गिरणीच्या जमिनीवर सांडलेला तांदूळ. तो पदराच्या टोकात घालून आयने गाठ मारली. ते ओझं पदराच्या टोकाला लोंबत राहिलं.

"लगीनच लावताय काय गो आता?" मुकादम हसत होता. "नवरा कोण, साहेब?"

बुधीने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी नंतर कितीतरी नवऱ्यामुलींच्या तोंडावर शोधलं, मला दिसलं नाही.

साहेब आले. कचेरीत चहा घेतला. आवारातून एक फेरी मारली, रुमाल नाकाला लावून. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायांची रांग बघितली. वहीत काहीतरी टिपलं आणि अर्ध्या तासात शेठच्याच टांग्यातून परत गेले. मी फाटकाशी उभी होते. टांग्याचं चाक माझ्या पायाजवळून गेलं.

साहेबांच्या त्या फेरीपुरतं कोंडा ओढणं थांबलं होतं. यंत्राच्या पोटाखाली तो तुंबला. टांगा वळणाआड गेला न गेला तोच मुकादम ओरडला, "चला गो, आत शिरा, यंत्र बसतंय!" बाकीच्या पोरींनी लुगडी आधीच सोडायला घेतली होती. बुधीची आय म्हणाली, "थांब, हिचं सोडत्ये."

"नको ना गो आय," बुधी म्हणाली. "आज नको सोडूस. सांजेपत्तूर ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे तसंच," मुकादम म्हणाला. "आता सोडत कुठं बसतेस?"

तिने पदर खोचला, तळहातांवर थुंकली, आणि वाकली.

मला दिसलं नाही. मी फाटकाशी होते; हे पोरींनी नंतर सांगितलं. ऐकू आलं ते सांगते. इंजिनचा आवाज जरा जड झाला. बैलगाडी चढाला लागली की बैलाचा श्वास होतो तसा, दोन-तीन ठोके. मग पट्टा चाकावरून निसटल्याचा फटकारा, आणि मग इंजिन पुन्हा हलकं होऊन टुक टुक चालू. त्याला काहीच झालं नव्हतं. आत पहिला आवाज उठला तो मुकादमाचा, आणि ते शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"पट्टा बघ रे, फाटला काय!"

खोचलेला पदर वाकताना सुटला होता. ओटीच्या गाठीला झोका बसला, आणि गाठ पट्टा नि चाक यांच्यामध्ये गेली. मागून पदर, पदर धरायला गेलेला हात. उजवा. खांद्याखाली चार बोटांएवढा उरला. तिला पोत्यात गुंडाळून, भाताच्या रिकाम्या केलेल्या गाडीतून स्टेशनाकडे नेलं, कारण टांगा साहेबांना सोडायला गेलेला होता. गाडीमागे तिची आय धावत होती. ती रडत नव्हती. "लुगडं फाडू नका, लुगडं फाडू नका," एवढंच म्हणत होती.

ओटीचे तांदूळ सगळीकडे उडाले होते. दुपारनंतर जमीन धुतली. त्याआधी झाडून घेतली. जे तांदूळ पांढरे राहिले होते ते पोत्यात परत गेले. त्या वर्षी मुंबईला कुणीतरी ते खाल्ले असणार.

बुधी जगली. याला लोक दैव म्हणतात.

पंधरवड्याने तेच साहेब चौकशीला आले. तोच टांगा. कचेरीत खुर्चीवर साहेब, बाजूला शेठ, खाली जमिनीवर बुधीची आय. मी वडिलांचा डोळा चुकवून दारात जाऊन उभी होते. माझ्या मुठीत ती पुस्तिका होती. मला ठाऊक होतं, सगळं एका प्रश्नावर अडलं आहे. बुधी पंधराच्या आतली ठरली तर शेठ गुन्हेगार. मोठी ठरली तर चूक तिची.

"मुलीचं वय काय?" साहेबांनी विचारलं.

"बुधवारची हाय, साहेब."

"वार नाही विचारला. वर्षं किती?"

आयने शेठकडे बघितलं, मग साहेबांकडे. विचार करून, जे तिच्या पाड्यावर या प्रश्नाचं खरं उत्तर असतं तेच तिने दिलं. "लुगडं नेसलीय."

"कोणी नेसवलं? मुकादमाने बळजबरी केली?"

"मुकादमाची काय टाप! मी नेसवलं. माझ्या हातान. पाच जणींनी वटी भरली."

"म्हणजे बाई आहे."

"बाईच, साहेब," ती म्हणाली. मान ताठ होती तिची. खोटं एक अक्षर ती बोलली नाही. ते लुगडं सोंगाचं होतं असं कबूल करायचं, तर ती ओटी सोंगाची, ते कुंकू सोंगाचं, आणि लेकीने हात दिला तो सोंगापायी. कोणती आई हे कबूल करील?

साहेब लिहायला लागले. तेव्हा मी ओरडले, "साहेब, ती माझ्याएवढी आहे! आम्ही मोजलंय!"

सगळे वळले. साहेब रागावले नाहीत. हसले. "ही कोणाची?"

"मास्तरांची," शेठ म्हणाले.

"तुला किती वर्षं झाली, बाळ?"

"चौदा."

"मग शाळेत जा पाहू. मोठ्या माणसांचं काम चाललंय. लहान मुलांनी इथे यायचं नसतं, यंत्रं आहेत."

त्याच खोलीत, त्याच टेबलावर, एकाच दौतीतल्या शाईने चौदाची मी बाळ ठरले आणि ती बाई. माझ्या अंगात परकर होता.

निकाल आला तो असा, की सदर स्त्री वयात आलेली असून वस्त्राबाबतच्या तिच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला. मुरबाडच्या पाड्यावरून निरोप आला की स्थळ मोडलं. एका हाताची सून भात कशी लावणार? त्यांचंही खरंच होतं. तेव्हा सगळ्यांचंच सगळं खरं होतं.

काका मुंबईहून आले ते तडक डोळखांबकडे चालत गेले. पाटलाच्या दप्तरात, जन्माच्या नोंदींच्या वहीत, ती ओळ सापडली. बापाचं नाव, ‘मुलगी’, तारीख. वहीवर उंदरांनी कुरतडलं होतं, पण ओळ शाबूत होती. बुधी माझ्याहून सात महिन्यांनी लहान निघाली. उतारा घेतला, ठाण्याला पाठवला. उत्तर आलं, प्रकरणाचा निकाल झालेला आहे.

तो कागद सगळा वेळ तिथे होता. मी अर्ज लिहीत होते तेव्हाही होता. माझ्या सुंदर अक्षरापासून एका दिवसाच्या चालीवर. मी मागितला नाही, कारण माझ्या मनात ‘अल्पवयीन मुली’ होत्या. बुधी नव्हती.

परवा इंजिनचा आवाज ऐकला आणि मी फाटकाशी गेले. बुधी तिथेच बसते. गिरणीने तिला दयेने ठेवून घेतली आहे, शेठ हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. फाटकाच्या चिंचेला रुळाचा एक तुकडा टांगला आहे. यंदापासून तिचं काम एवढंच, की वळणावर साहेबांचा टांगा दिसला की डाव्या हाताने त्यावर सळई मारायची. आत पोरी लुगडी नेसतात.

"तू?" मी म्हणाले. "तू मारतेस?"

"मंग कोन मारील? दोन हातवाल्यांला दुसरी कामं हायेत." ती हसली, अगदी पूर्वीसारखी. "एका हातानं निऱ्या घालता येत नायत गो, नायतर नेसवायचं कामबी माझ्याच गळ्यात आलं असतं."

मी तिला सांगितलं की स्वराज्याच्या सरकारने नवा कायदा केला आहे. आता चौदाच्या आतल्या पोरीला कारखान्यात घ्यायचंच नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे, तो बोर्ड कचेरीत लावला आहे, त्याच्या खिळ्याला शेठची टोपी असते. आणि मुकादमही सुधारला आहे. पदर आता नीट खोचा म्हणून दटावतो.

मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "तुला ठाऊक आहे ना, तो अर्ज मीच केला होता?"

"हां. शेठनंच सांगितलं." तिने सळई मांडीवर ठेवली. "तू लिव्हला नसतास त साहेब आला नसता. साहेब आला नसता त मी लुगडं नेसली नसती."

यावर जे काही म्हणता येण्यासारखं आहे ते सगळं मला पत्रकांतून पाठ आहे.

"रडू नको," ती वैतागून म्हणाली. "परत लिव्हणार हायेस ना? तुझं तोंडच सांगतंय. मंग या टायमाला पोरींची नावं लिव्ह. वय लिव्ह. पाटलाचा कागद आधी आण, मंग साहेबाला बलाव. आनि आयांच्या हातात दे कागद. माझ्या आयच्या हातात त्या दिशी कागद असता, त तिनं लुगडं दाखवलं नसतं."

आत आठ पोरी आहेत. त्यांतल्या पाच डोळखांबकडच्या, तीन मुरबाडकडच्या. त्यांची नावं मी लिहून घेतली आहेत. त्यांतही एक बुधी आहे. उद्या मी पाड्यांवर निघते आहे, आणि सगळीकडे मी पुरी पडणार नाही. वाशिंदपासून पार मुरबाडच्या पलीकडेपर्यंत जिथे जिथे इंजिन लागलं आहे तिथे अशा पोरी आहेत. म्हणून तुम्हाला हे काम सांगते.

तुमच्या जवळच्या गिरणीत तांदूळ आणायला तुम्ही जालच. जाल तेव्हा पट्ट्याकडे बघा, आणि त्याच्याखालून कोण वाकून जातं ते बघा. तिचं नाव विचारा, पाडा विचारा. वय विचारू नका, ती वार सांगेल. मग तिच्या गावच्या पाटलाकडे जा आणि दप्तर उघडायला लावा. नाही म्हणाला तर दारात बसा. तारखेचा उतारा सहीशिक्क्यानिशी दोनदा करून घ्या. एक सरकारकडे धाडा. दुसरा तिच्या आईला तीनदा वाचून दाखवा आणि तिच्या कनवटीला बांधून द्या.

आणि हे सगळं आसनगावहून टांगा निघायच्या आधी करा.